शिट्टीचा ट्रक

उजव्या हाताचं बोट वर जायचं, डोळे मिटायचे आणि हुकूम सुटायचा, "गप! ऐक."

मग समोर कोणीही असो, बोलणं बंद. मी गिऱ्हाइकाला बेअरिंगची किंमत सांगत असलो तरी माझं वाक्य अर्ध्यात लटकायचं. नवलख्याच्या वळणाकडून एखादी गाडी येत असायची. ती अजून दिसतही नसायची. उस्ताद बोट तसंच वर धरून सांगायचे, "धारवाली बस. तिसरा सिलिंडर आळस करतोय." आणि थोड्या वेळानं खरोखरच धारची बस धूळ उडवत समोरून जायची. तिचा तिसरा सिलिंडर आळस करतोय की पाचवा, हे आम्हाला कुठून कळणार! पण बस धारची असायची एवढं नक्की, आणि तेवढ्यावर बाकीचंही आम्ही मान्य करून टाकायचो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादी गोष्ट त्यांना इतकी चांगली येते की त्या गोष्टीत त्यांना अडवायची कुणाची छाती होत नाही. उस्ताद तसे होते. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, कारण त्या नावानं त्यांना कुणी हाकच मारत नसे. ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणायचे, मालक उस्ताद म्हणायचे, आणि त्यांच्या घरी काकूसुद्धा मला विचारायच्या, "तुझे उस्ताद निघाले का रे कामावरून?"

मी तेव्हा इंदूरला, नवलख्यावरच्या एका मोटरपार्टच्या दुकानात काउंटरवर होतो. मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची जुनी माणसं मांडवातून जेवण न मिळता परत आलेल्या वऱ्हाड्यांसारखी फुगून बसली होती. उस्ताद त्यांतलेच. त्यांचे वडील दरबारच्या मोटरखान्यात मिस्त्री होते आणि उस्ताद तिथेच, महाराजांच्या परदेशी गाड्यांखाली सरपटत मोठे झाले. दरबार गेला, मोटरखाना गेला, पण "आमच्याकडे असं करत नसत" हे त्यांचं वाक्य राहिलं. आमच्याकडे म्हणजे दरबारात.

आमच्या दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे त्यांची पत्र्याची शेड, शेडपुढे कडुनिंब आणि निंबाखाली कुठल्याशा मोडीत निघालेल्या बसचं एक सीट. काम नसेल तेव्हा उस्ताद त्या सीटवर बसत, आणि बसत ते रस्त्याकडे पाठ करून. आग्रा-मुंबई रस्त्यावरची एवढी वर्दळ सोडून हा माणूस शेडच्या भिंतीकडे काय बघत बसतो, असं नव्या माणसाला वाटायचं. मीही एकदा विचारलं होतं.

"डोळ्यांनी बघितलं की कान आळशी होतात," ते म्हणाले. "इंजन कधी झूठ नहीं बोलता, भिया. रंगरंगोटी बोलते झूठ. म्हणून बघायचंच नाही."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावायचं. मोकळं. कुठलंही दमलेलं इंजिन आलं की ते त्याचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, उतरवायचे. हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा त्या हेडमध्ये असतात. कंपनीनं ओतताना ठेवलेल्या त्या खडबडीत, अरुंद वाटा ते कानशीनं रुंद करायचे आणि रेजमाल कागदानं घासून घासून आरशासारख्या करायचे. मग कॅमची पाळी. वॉल्व्ह उघडमीट करणारा हा दांडा असतो, त्याच्यावर उंचवटे असतात. उस्ताद ते उंचवटे वेल्डिंगनं भरवून खराद्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, आपल्या मनासारखे घासून घ्यायचे, म्हणजे वॉल्व्ह लवकर उघडतील आणि जरा जास्त वेळ उघडे राहतील. माप कशानं? अंगठ्याच्या नखानं. नख उंचवट्यावरून फिरवायचं, तोंडानं "हं" करायचं, की झालं.

"कंपनीवाले पहिलवान बनवतात आणि त्याच्या नाकात कापूस कोंबतात," ते म्हणायचे. "मी काय करतो? कापूस काढतो. श्वास घेऊ द्या की बिचाऱ्याला."

आणि ते चालायचं, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या हातून गेलेल्या बसगाड्या मानपूरचा घाट दुसऱ्यांपेक्षा एक गियर वर ठेवून चढायच्या. ड्रायव्हर परत येऊन त्यांच्या पायाला हात लावायचे. आमचे शेठजी मात्र कुरकुरत. एकदा उस्तादांच्या हाताखालून गेलेल्या गाडीला वर्षभर पार्ट लागत नसत.

इंजिन बांधून झालं की पहिली फेरी खजरान्याची, हा त्यांचा दंडक होता. तेव्हा खजराना गावाबाहेर, शेतांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर होतं. गणपतीला नारळ वाढवायचा आणि परत यायचं. या फेरीत उस्ताद ड्रायव्हरशेजारी बसत नसत. मागे रिकाम्या हौद्यात उभे राहत आणि फळीला कान लावत. परत येत तेव्हा भुवयांपर्यंत धूळ बसलेली असे आणि त्यातून फक्त दात दिसत. "गणपतीला दाखवून आणलं," असं म्हणून ते गाडी मालकाच्या ताब्यात देत. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, मुलगी चांगल्या घरी दिल्यासारखा.

हळूहळू काही गोष्टी बदलत होत्या. त्या आम्हाला दिसत होत्या, पण उमगत नव्हत्या.

त्यांच्याजवळ एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, होता. चालत्या इंजिनाला टोक लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, की आतली खडखड थेट डोक्यात येते. सगळेच मिस्त्री असं करतात. उस्ताद मात्र पुढे पुढे पेचकसाची मूठ दातांत धरू लागले. आम्हाला वाटलं, ही नवी ऐट. ड्रायव्हर लोक तर कौतुकानं बघत उभे राहायचे.

आमच्या दुकानात टेलिफोन आला तेव्हा उस्ताद त्याच्या शेजारीच स्टुलावर बसून चहा पीत होते. मी मागच्या खोलीत माल काढत होतो. घंटी वाजतेय, वाजतेय, शेवटी मी धावत आलो. "उचलायचा तरी उस्ताद!" मी म्हणालो. त्यांनी शांतपणे बशी खाली ठेवली. "मी काय शेठजींचा नोकर आहे का?" आम्ही हसलो. शेठजीही हसले.

एका उन्हाळ्यात ते निंबाखाली बसून म्हणाले, "यंदा कोकिळा आली नाही. झाडं तोडली ना सगळी, येणार कुठून." डोक्यावरच्या फांदीवर ती घसा फाटेस्तोवर ओरडत होती. मला वाटलं, उस्ताद थट्टा करताहेत. मी आपला हसून कामाला लागलो.

त्यांना एकच मुलगा, वसंता. माझ्याच वयाचा. शेडमध्ये बापाच्या हाताखाली शिकला आणि मग एक दिवस म्हणाला, मला इंजिन दुरुस्त करायचं नाही, चालवायचं आहे. उस्तादांनी काही दिवस तोंड फिरवलं, मग स्वतःच त्याला चढावर गियर कसा बदलायचा ते सांगत बसले. वसंता मोठ्या मनाचा होता. तो कुठूनही परत आला की आधी शेडसमोर गाडी थांबवायचा आणि इंजिन चालू ठेवूनच उतरायचा. उस्ताद पाठमोरे बसलेले. ते बोट वर करायचे, "आला!" म्हणायचे आणि मगच मागे वळायचे. वसंता हसत हसत येऊन पाया पडायचा. बापलेकांचा हा खेळ आम्ही दुकानातून रोज बघायचो. मला त्याचा हेवा वाटायचा. माझे वडील मिलमध्ये कारकून होते, त्यांना माझी चाहूल कधी ओळखावीशी वाटली नाही.

मग तो ट्रक आला.

चंबळेवरच्या धरणाचं काम संपत आलं आणि तिथली परदेशी यंत्रं लिलावात निघाली. त्यांत अवजड माल वाहणारे दोन ट्रक होते. एक धारच्या माणसानं घेतला, एक वसंतानं. आमच्या बाजूला तसलं इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. त्याला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, त्याच्या दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. ट्रक ओझ्याला लागला, की त्या टर्बोतून बारीक, लांबलचक शिट्टी निघायची. वळणापलीकडून ती ऐकू यायची आणि पानवाला म्हणायचा, "लो, आया शिट्टीवाला." सगळा नवलखा त्याला शिट्टीचा ट्रक म्हणू लागला.

उस्ताद सोडून. ते म्हणायचे, "वसंताची गाडी."

थोड्या महिन्यांनी ट्रक घाटात जरा ढिला पडू लागला. वसंतानं तो शेडमध्ये आणला. मी काही गॅस्केटचे नमुने द्यायला पलीकडे गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

उस्तादांनी इंजिन चालू करवलं. पेचकस दातांत धरून चारी बाजूंनी ऐकलं. मग टर्बोला टोक लावलं. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. "दे रेस," म्हणाले. वसंतानं रेस दिली. शिट्टी अशी निघाली की माझे दात शिवशिवले.

उस्तादांनी पेचकस काढला. "मेलाय," म्हणाले.

"काय मेलाय, बाबा?"

"पंखा. हातानं फिरतो, चालत्यात फिरत नाही. फिरला असता तर वाजला असता ना."

वसंतानं केबिनमधून मान बाहेर काढली. मग जपून म्हणाला, "वाजतोय की, बाबा. शिट्टी येतेय ना."

"कुठे येतेय?" उस्ताद म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती. खरोखरचा प्रश्न होता तो.

मी म्हणालो, "येतेय उस्ताद. मलापण येतेय."

"तू पार्ट विकणारा माणूस," ते म्हणाले. "तुला नव्या वस्तूचा आवाज येणारच."

वसंतानं माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत टेलिफोन, कोकिळा, दातांतला पेचकस, सगळं माझ्या डोळ्यांसमोर रांगेनं उभं राहिलं. जन्मभर लोखंडावर हातोडे मारून, उघड्या इंजिनांवर डोकं ठेवून त्यांचे बारीक आवाजाचे कान गेले होते. जाड खडखड ऐकू यायची, म्हणून त्यांना काही हरवल्याचं कळलंच नव्हतं.

उस्ताद आता रंगात आले होते. "पंखा मेला, हवा कमी पडते. पण घाबरू नको, वसंता. पंख्याची गरजच काय? आपण हेड मोकळं करू. कॅम आपल्या हातची बसवू. हा टर्बो-बिर्बो त्याच्यापुढे पाणी भरेल."

संध्याकाळी वसंता दुकानात आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "तू देणार आहेस त्यांना हेड उघडू?"

तो बराच वेळ बेअरिंगचं एक खोकं उघडझाप करत राहिला. "इंजन तर फिर बन जाएगा, भिया," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. ते कोण सांगणार?"

असा होता वसंता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो जे बोलला त्यावरून लोकांनी त्याला फार वाईट ठरवलं.

उस्तादांनी त्या हेडवर जितका जीव ओतला तितका आयुष्यात कशावर ओतला नसेल. इतर सगळी कामं बाजूला पडली. वाटा इतक्या रुंद केल्या की दोन वॉल्व्हच्या मधली लोखंडाची भिंत पापडासारखी राहिली. कॅम खराद्याकडून परत परत घासून आणली. जेवायला घरी जाईनात, काकू अन्नपूर्णा मंदिराजवळच्या घरून डबा पाठवू लागल्या. दिवेलागणीला ते दुकानात यायचे, हात काळे, डोळ्यांत चमक. "बघच तू, घाट असा चढेल..." आणि तळहात सपाट करून हवेत वर न्यायचे. मी बघायचो.

पुढे मी त्याच धंद्यात केस पांढरे केले. टर्बोची इंजिनं आपल्याकडे सगळीकडे झाली, तेव्हा मी जाणत्या लोकांना मुद्दाम विचारलं, की टर्बोच्या ट्रकला हेड आणि कॅम बदलून काही फायदा होतो का? होतो थोडाफार, ते म्हणाले, टर्बो आणि डिझेलचा पंप सगळंच त्या मापानं बदललं तर, आणि तोही वरच्या चालीत. ओझं घेऊन सावकाश चढणाऱ्या ट्रकला त्याचा उपयोग नाही. हवा तर टर्बो ढकलतोच आहे, दार मोठं करून काय मिळणार? उलट दोन्ही वॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे राहिले तर धूरच उलटा आत शिरतो, आणि इंजिन तापतं. उस्तादांचा उपाय खोटा नव्हता. तो ज्या इंजिनांचा होता त्यांचे दिवस संपले होते.

खजरान्याची फेरी ठीक झाली. रिकामा ट्रक, सपाट रस्ता. उस्ताद हौद्यात फळीला कान लावून उभे होते. परत आले तेव्हा भुवयांवर धूळ होती आणि चेहरा तसाच, मुलगी चांगल्या घरी दिल्यासारखा. "गणपतीला दाखवून आणलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वसंता माल भरून मानपूरकडे निघाला. घाटात ट्रक काळाकुट्ट धूर ओकू लागला, ओढेना, तापत गेला. अर्ध्या चढावर हेड तडकलं, बरोबर त्या पापडासारख्या भिंतीत. पाणी आत शिरलं आणि इंजिन जागच्या जागी बसलं. लादलेला ट्रक मागे सरकू लागला. वसंताच्या मागे एक बस होती, माणसांनी भरलेली. त्यानं कसाबसा ट्रक डोंगराच्या अंगाला घालून थांबवला. कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या ट्रकनं ओढत ओढत त्याला शेडसमोर आणून सोडलं, तेव्हा वसंतानं स्टिअरिंग अजून घट्ट धरलेलं होतं.

शेडसमोर माणसं जमली होती. ड्रायव्हर, पानवाला, आम्ही दुकानातले. उस्तादांनी हेड उतरवलं, तडा बघितला, आणि तिथेच सुरुवात केली.

"लोखंडच हलकं! धरणवाल्यांनी जाळलेलं असणार. आणि तू कसा चढवलास? पहिल्यापासून रेस दाबून धरली असशील. इंजन बोलत असतं, ऐकावं लागतं! तुला कानच नाहीत!"

वसंता एवढा वेळ खाली मान घालून उभा होता. त्या शेवटच्या वाक्याला त्यानं मान वर केली.

"मागे बस होती, बाबा," तो म्हणाला. "माणसं होती बसमध्ये." आणि मग त्याचा आवाज फाटला. "पंखा मेला नव्हता. सगळ्यांना ऐकू येत होता. तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा. कोकिळासुद्धा नाही ऐकू येत तुम्हाला!"

उस्तादांनी आजूबाजूला बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. ते कुणीतरी हसावं, कुणीतरी "काय बोलतोस वसंता" म्हणावं याची वाट बघत होते. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. त्यावरूनच त्यांना कळलं असणार, की हे सगळ्या नवलख्याला माहीत आहे.

"निघ," ते म्हणाले. अगदी हळू. "परत माझ्या दाराशी गाडी लावायची नाही."

वसंता बायकोला घेऊन महूला राहायला गेला. धारच्या माणसानं घेतलेला तसलाच दुसरा ट्रक अपघातात गेला होता, त्याचं हेड आणि कॅम मिळवून त्यानं इंजिन परत उभं केलं. महूच्या मिस्त्रीनं बघितलं तर मूळचा बिघाड एवढाच होता, की डिझेलची जाळी तुंबली होती. ती धुतली आणि ट्रक पूर्वीसारखा चालू लागला. हे मला वसंतानंच सांगितलं, आणि उस्तादांना सांगू नको म्हणाला.

शिट्टीचा ट्रक पुन्हा आमच्या रस्त्यावरून जाऊ लागला. वळणापलीकडून शिट्टी आली की आमच्या दुकानात सगळे गप्प व्हायचे. पलीकडे निंबाखाली उस्ताद पाठमोरे बसलेले. बाकी गाड्यांना त्यांचं बोट अजून वर जायचं. पूर्वीसारखं बरोबर नाही यायचं, जाड खडखडही आता कमीच पोहोचत असावी, उज्जैनच्या गाडीला धारची म्हणायचे, आणि आम्ही "हो उस्ताद" म्हणायचो. पण शिट्टीच्या ट्रकला बोट उचललं जात नसे. तो त्यांच्या पाठीमागून जायचा आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. ते मुद्दाम बोट उचलत नाहीत, की त्यांना कळतच नाही, याच्यावर दुकानात पैजा लागायच्या. मला तो प्रकार आवडत नसे. एकदा मी त्यावरून पानवाल्याशी भांडलोसुद्धा.

काम आटत गेलं. घाटातली गोष्ट ड्रायव्हरांनी बंबईपर्यंत पोहोचवली होती. शेडमध्ये आता स्कूटरी आणि पाण्याचे पंप यायचे. उस्ताद त्यांचीही हेडं मोकळी करायचे.

एक दिवस काकू स्वतः दुकानात आल्या. त्या कधी अशा येत नसत. म्हणाल्या, "घरात बसतात आणि मध्येच मला गप करतात. म्हणतात, ऐक, वसंताची गाडी आली. मी दार उघडून बघते. कुणी नसतं रे. तू जा महूला. त्याला सांग, एकदा ये म्हणून. नंतर भांड म्हणावं."

मी महूला गेलो. वसंता अंगणात ट्रकची चाकं बदलत होता. माझं ऐकून घेतलं आणि पुन्हा पान्हा उचलला. माझ्यापुढे पोहे आले, त्याच्या बायकोनं त्यांवर शेव घातली, मी खाल्ले, तोवर तो चाकाचे नट आवळत होता.

"येतो," शेवटी म्हणाला. "पण हाक मारणार नाही. गाडी दारात लावीन, पहिल्यासारखी. इंजन चालू ठेवीन. ते वळले तर उतरीन."

"अरे, पण त्यांना..."

"वळतील," तो म्हणाला. "वळले तर माझं बोलणं झूठ ठरेल. सगळ्यांसमोर बोललो ना मी? सगळ्यांसमोरच झूठ ठरू दे."

त्याला काय हवं होतं ते मला कळलं होतं. त्याला माफी नको होती. बापाचे कान परत हवे होते.

तो चार-दोन दिवसांनी आला, भर उन्हाचा. वळणापलीकडून शिट्टी आली, मोठी होत गेली, आणि या वेळी पुढे निघून न जाता शेडसमोर थांबली. ट्रक उस्तादांच्या पाठीशी, अगदी जवळ. मला दुकानातून सगळं दिसत होतं. वसंता केबिनमध्ये बसून बापाच्या पाठीकडे बघत होता. त्यानं रेस दिली. शिट्टी निघाली. पानवाल्यानं हातातलं पान खाली ठेवलं. वसंतानं पुन्हा रेस दिली, आणखी जोरात, आणखी लांब. उस्तादांच्या मांडीवर एक स्कूटरचं हेड होतं. ते रेजमालानं आतली वाट घासत होते. घासता घासता त्यांनी ते तोंडाशी धरून फुंकर मारली, उजेडाकडे धरून बघितलं आणि पुन्हा घासू लागले.

मी काउंटरच्या फळीखालून बाहेर पडेपर्यंत ट्रक हलला होता. मी रस्त्यात धावत गेलो, हात केला. वसंतानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा चेहरा मला दिसला. तो मी इथे लिहिणार नाही.

तसाच रस्ता ओलांडून मी उस्तादांसमोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "उस्ताद, वसंता आला होता!"

त्यांनी वर बघितलं. "केव्हा?"

"आत्ता. इथे, तुमच्या मागे. गाडी लावून उभा होता."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, आणि तसाच हळूहळू विझला. त्यांनी मागे वळून बघितलं. रस्ता मोकळा होता. नुसती धूळ खाली बसत होती. ती धूळ त्यांनी बराच वेळ बघितली. मी जे सांगत होतो ते खरं मानायचं तर त्यांना दुसरीही एक गोष्ट खरी मानावी लागणार होती, आणि ती मानून त्यांच्याजवळ काही उरलं नसतं. हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तुला भास झाला, भिया. तो नाही येणार आता." आणि माझी समजूत घालावी तसं हसले. "आला असता तर मला ऐकू आलं असतं."

वसंता त्यानंतर आला तो बापाला खांदा द्यायलाच. तोवर पाऊस येऊन गेला होता आणि शेडला कुलूप लागलं होतं. पण उस्ताद म्हटलं की मला ट्रक येऊन गेला ती दुपारच आठवते. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात त्यांचं बोट वर गेलं. डोळे मिटले.

"गप! ऐक."

मी गप्प झालो. महूकडचा रस्ता लांबवर रिकामा पडला होता. त्यावर बैलगाडीसुद्धा नव्हती. वर निंबावर कोकिळा ओरडत होती, आणि उस्ताद बोट वर धरून, मान किंचित कलती करून ऐकत होते.